गिळलेली गरी

४ ऑक्टोबर, शनिवार

मासा धरायचा, त्याच्या पाठीला नंबराची चिठ्ठी टोचायची आणि पुन्हा खाडीत सोडायचा. याला म्हणे शिक्षण म्हणतात! सानिका दुपारी रत्नागिरीहून आली ती हे खूळ घेऊनच. सानिका म्हणजे माझ्या थोरल्या भावाची, लवूदादाची नात. मासे शिकायला कॉलेजात जावं लागलेली आमच्या घराण्यातली ही पहिलीच. तिला तिच्या अभ्यासासाठी खाडीतले गोबरे जिवंत हवेत. गोबरा राहतो खडपाच्या, काठच्या खडकांच्या, कपारीत, तिथे जाळं टाकलं तर फाटून हातात येतं. म्हणजे गरी, आपला गळ, टाकून बसायला हवं. "धाकटे आजोबा, तुमच्यासारखं गरवायला गावात कुणाला येतं?" असं म्हणाली. मी जन्मभर जहाजावर बोसन, खलाशांचा मुकादम, होतो, खुशामत लांबून ओळखतो. तरी हो म्हटलं.

दादा ओटीवर बसून ऐकत होता. त्याला म्हटलं, "सोडायचंच आहे तर धरायचं कशाला?"

"धरल्याबिगर सोडनार कसा?" म्हणाला आणि हसत बसला.

श्रावणात त्याच्या पोटात गाठ निघाली. तेव्हापासून तो हसला की मला बरं वाटतं आणि रागही येतो. गाठ मुंबईला नेऊन काढून टाकायची, हे मी आणि त्याचा मुलगा दीपक, म्हणजे सानिकाचा बाप, आम्ही दोघांनी ठरवलंय. दिवाळी झाली की दीपक गाडी घेऊन येईल. दिवाळीला मात्र तो येणार नाही, सगळी रजा ऑपरेशनसाठी राखून ठेवलीय. दादाला विचारलं तर म्हणतो, "तू सांगतोस तर जातो." स्वतःचं मत म्हणून या माणसाला कधी काही नव्हतंच.

७ ऑक्टोबर, मंगळवार

सकाळी खडपावर गेलो. दादालाही नेलं. खुर्ची नेली होती, पण तो नेहमीसारखा दगडावरच बसला. कोलंबी लावून गरी सोडली. फार वेळ गेला नाही, तोच हिसका बसला. किती वर्षांनी बोटांना तो हिसका कळला! बोसनकी गेली, दात गेले, पण बोटं विसरली नव्हती. चांगला हातभर गोबरा. मी त्याला नायलॉनच्या तंगुसाला लोंबकळवत वर घेतला आणि पाहिलं तर गरी ओठाला नाही, पार पोटात. गोबऱ्याची जातच हावरी, आमिष दिसलं की आख्खं गिळतो.

मग काय, आजवर जे करत आलो तेच केलं. कल्ल्यात बोटं घालून त्याला दाबून धरला आणि तंगूस पिळून ओढली. गरी आली. गरीबरोबर बरंच काही आलं. सानिकाने त्याला पाण्यात धरून पाहिला, पण तो पोट वर करून तरंगायला लागला.

पोरगी रडलीच. "तुम्ही ओढलीत कशाला? मला हाक का नाही मारलीत?"

"गरी पोटात ठेवून जगला असता होय तो?"

"जगतात आजोबा. काढायला गेलं की मरतात."

आतमध्ये लोखंड ठेवून कोण जगतं? माझ्या बायकोने, दमयंतीने, त्या गोबऱ्याचं आंबट-तिखट केलं. सानिका ताटावर फुरंगटून बसली होती. पहिला घास गेल्यावर मात्र आणखी एक तुकडा वाढून घेतला. दादाही बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवला. काशीवहिनी गेल्यापासून माशाचं डोकं कुणी मागत नाही म्हणून दमयंती ते बाजूला ठेवते. आज दादाने मागून घेतलं.

९ ऑक्टोबर, गुरुवार

दादाला घेऊन रत्नागिरीला जाऊन आलो. मुंबईला न्यायच्या आधी इथल्या डॉक्टरांचा कागद हवा होता. हे डॉक्टर तरुण आहेत, बोलतात बरे. पण भित्रे. म्हणाले, "गाठ हळू वाढणारी आहे. या वयात आणि या हृदयाला भूल झेपणं कठीण आहे. मला विचाराल तर आहे तिथे राहू द्या. दुखलं तर औषध देऊ. जेवतायत, फिरतायत, त्यांना घरी राहू द्या." मी म्हटलं, मुंबईच्या सर्जनने रिपोर्ट पाहिलेत, तो म्हणतो धोका आहे पण करता येईल. तर म्हणाले, "करता येईल, हे खरंच आहे." आणि दादाकडे बघत राहिले. मी अख्खा जन्म समुद्रावर काढला. धोका म्हणजे काय ते मला कुणी शिकवू नये.

दादाने दुकानातून औषधांची पिशवी घेतली. मग म्हणाला, "मिरकरवाड्यावरनं जाऊ या काय जरा?" वाट वाकडी करून गेलो. जेटीवर ट्रॉलर रिकामे होत होते, बर्फ फुटत होता, बायका ओरडत होत्या. दादा एका कडेला उभा राहून नुसता बघत होता. घ्यायचं काही नव्हतं. मी दोनदा चल म्हटलं. तिसऱ्यांदा म्हटल्यावर निघाला.

१३ ऑक्टोबर, सोमवार

आज माझं आणि सानिकाचं भांडण. मी ट्रंकेतून माझ्या खास गऱ्या काढल्या. सिंगापूरच्या, अस्सल स्टीलच्या. इतकी वर्षं झाली, एकीलाही डाग नाही. तिने हातात घेतल्या आणि परत दिल्या.

"या नकोत."

"का? गंजत नाहीत म्हणून तर आणल्या!"

"म्हणूनच नकोत. आत राहिली तर गंजून झिजायला हवी ना!"

तिच्याकडच्या गऱ्या साध्या लोखंडाच्या, आणि त्यांचा उलटा काटा पकडीने दाबून बसवलेला. अशी गरी म्हणजे बिनदाताचा कुत्रा. दादा दगडावरून ओरडला, "घे रे तिची! पोर काय तुला बुडवीत नाय!" हा कायम समोरच्याच्या बाजूने.

पण मासा लागला. पुन्हा पोटातच. यावेळी सानिकाने मला लोंबकळवू दिला नाही, पाण्यातच झोळीत घ्यायला लावला. हात ओले करून पोटाखाली एक हात, कल्ल्यांना बोट नाही. मग कात्री माझ्याकडे दिली. "तोंडाशी, अगदी जवळ कापा. लांब दोरा राहिला तर तो पायात... म्हणजे परांत अडकतो." कापताना माझा हात अडला, खोटं कशाला लिहू? गरी, तंगूस, मासा, सगळंच हातचं घालवायचं! कापली. तिने पाठीवरच्या पराजवळ पिवळी चिठ्ठी टोचली. मग त्याचं तोंड पाण्याच्या ओढीकडे करून नुसतं धरून बसायचं. ढकलायचं नाही, फेकायचं नाही. कल्ले हलायला लागले. मला वाटलं, अजून थोडं धरावं, अजून कच्चा आहे. तेवढ्यात त्याने शेपटी मारली, माझं तोंड भिजवलं आणि कपारीत गेला.

मला फार मजा वाटली. घरी आल्यावर दमयंतीला सगळं सांगितलं. "अगं, ओढायला गेलं की आतडं फाटतं. आणि हात न लावता राहू दिलं तर त्याचा तो जगतो, खातो-पितो. आपण आपलं चांगलं करायला जातो आणि जीव घेतो."

तिने चुलीवरून वळून माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "हे जरा दीपकला फोन करून सांगा की."

दीपकला माशांत कधीपासून रस? बायकांचं काही कळत नाही.

१४ ऑक्टोबर

दीपकचा फोन. दवाखान्यात खाट मिळाली. सहा नोव्हेंबरला दाखल व्हायचं. दादाला सांगितलं. "बरं" म्हणाला.

१९ ऑक्टोबर, रविवार

दिवाळीची साफसफाई. माळ्यावर दादाचा जुना गरवायचा दोर सापडला. तंगूस यायच्या आधीचा, सुताचा, करवंटीवर गुंडाळलेला. हातात घेतला आणि वासानेच पार मागे गेलो.

तेव्हा आमच्या घरात एक रीत होती. नारळी पुनवेनंतर गरीला लागलेला पहिला मासा दर्याचा. तो घरी न्यायचा नाही. मी सात-आठ वर्षांचा असेन, दादा मिसरूड फुटलेला. पहिला मासा लागला की मी हावरेपणाने त्याच्या तोंडातून गरी काढायला बघायचो, कारण गऱ्या घरी मोजून यायच्या आणि हरवली की बापाचा मार. मासा गरी गिळून बसला असला की दादा मला बाजूला सारायचा आणि दोर दाताने तोडायचा. मासा गरीसकट जायचा. मार दादा खायचा. मी विचारायचो, गरी का दिलीस? तो म्हणायचा, "त्याची झाली ती आता." मला तेव्हाही पटलं नव्हतं. पण त्या सकाळी पुन्हा मिळाल्या तर मी ट्रंकभर सिंगापूरच्या गऱ्या देईन. दगड ऊन व्हायच्या आधीचा तो गारवा, भाकरीवर घेतलेला कांदा, आणि पाठ लावून बसलेला दादा. गरवताना आम्ही पाठीला पाठ लावून बसायचो. त्याच्या पाठीला झालेली हालचाल माझ्या पाठीला कळायची, मासा त्याला लागला की मला.

मग मी बोटीवर गेलो ते आठवलं. तेव्हा मुसाकाजीच्या बंदराला मुंबईची बोट यायची, ती लांब उभी राहायची आणि माणसं होडीतून न्यायची. दादाने मला आपल्याच होडीतून नेलं. ट्रंक वर चढवली, मी शिडीवर चढलो, पण एका हाताने होडीची दोरी धरूनच ठेवली होती. मला वाटलं, आता हा काहीतरी बोलेल. सांभाळून राहा, पत्र लिही, असलं काहीतरी. तर म्हणाला, "सोड रे दोरी, होडी आपटते हाय." एवढंच. सोडली. त्याने होडी वळवली आणि एकदाही मागे बघितलं नाही. मला कित्येक वर्षं राग होता त्याचा. पुढे काशीवहिनीने सांगितलं की त्या दिवशी तो घरी आलाच नाही, दिवेलागणीपर्यंत खडपावर बसून होता, गरी न टाकता. हे ऐकूनही मला कळलं नाही, की बोलायला काय झालं होतं?

दादाला करवंटी दाखवली. तो तिच्यावरून बोट फिरवत राहिला.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

आज गंमत झाली. त्याच कपारीशी गरी टाकली, मासा लागला, झोळीत घेतला तर पाठीवर पिवळी चिठ्ठी! सानिकाने नंबर बघितला आणि उडीच मारली. आमचाच पहिला. मी कात्रीने सोडलेला. यावेळी गरी ओठाला होती, सहज निघाली. तिने बॅटरी लावून घशात बघितलं. जुनी गरी होती आत, पण झिजून काळी-तांबडी झालेली, आणि आजूबाजूचं मांस भरून आलेलं. अंगाने तर चांगला गुबगुबीत झाला होता.

"पोटात गरी असून परत आमिष खायला आला! मूर्खच आहे लेकाचा," मी म्हटलं.

दादा दगडावरून उतरून आला होता. चालताना आता त्याला धाप लागते. माशाकडे वाकून बघितलं आणि म्हणाला, "मूर्ख कशान? भूक लागली, आला."

मग सानिकाने त्याला मासा धरायला दिला. दादाने पाण्यात मांडी बुडेपर्यंत उभं राहून त्याला धरला. मला सोडायची घाई, लाट आली तर हा पडेल ही भीती. दादा मात्र मजेत. मासा सुटून गेला तरी हात तसेच पाण्यात ठेवून उभा होता. त्याचं तोंड मी कितीतरी वर्षांनी तसं पाहिलं.

रात्री जेवताना सानिकाने मला विचारलं, "आजोबांना नेणं खरंच गरजेचं आहे का?" मी तिच्यावर ओरडलो. मासे शिकतेस, माणसं शिकत नाहीस, असं काहीतरी बोललो. ती उठून गेली. दमयंती दोन दिवस माझ्याशी बोलणार नाही, असं दिसतंय.

२ नोव्हेंबर, रविवार

दादाची पिशवी भरली. दोन लुंग्या, नवा शर्ट, औषधं. त्याने आपली तंगुसाची गुंडाळी आणि शिशाचे गोळे सानिकाला देऊन टाकले. मी म्हटलं, "अरे, आल्यावर तुला लागतील की!" तो म्हणाला, "तिलाच ऱ्हावंदे." शेजारच्या निलेशला बोलावून आपली होडी उलटी घालून ठेवायला सांगितली, आणि काशीवहिनीच्या फोटोवरची धूळ स्वतः पुसली. निघायच्या आधी माणूस आवराआवर करतोच.

संध्याकाळी खडपावर त्याच्या शेजारी जाऊन बसलो. विचारलं, "भीती वाटते का?"

"नाय."

"मग? जायचं नाहीये का तुला?"

तो खाडीकडे बघत राहिला. "तुला बरा वाटंल ना मी गेलो तर?"

"म्हणजे काय! तू बरा व्हायला हवास."

"मग जातो."

मी त्याची पाठ थोपटली. हाडं लागली हाताला. मुंबईहून आल्यावर त्याला चांगलं खायला घालायला हवं.

५ नोव्हेंबर, बुधवार. त्रिपुरी पुनव

हे आजच लिहून ठेवायला हवं.

दीपक पहाटेच गाडी घेऊन आला. प्रवासाने तो शिणला होता, डोळे लाल. चहा झाला. पिशवी गाडीत ठेवली. आमच्याकडे कुणी लांबच्या कामाला निघालं की घरातल्या थोरल्याने देवापुढे नारळ-विडा ठेवून गाऱ्हाणं घालायचं. काय हवं ते देवाला मोठ्याने, स्पष्ट सांगायचं, आणि बाकीच्यांनी प्रत्येक मागण्याला 'व्हय म्हाराजा' म्हणून साथ द्यायची. मी दर वेळी बोटीवर गेलो तो दादाच्या गाऱ्हाण्यावर. आज निघणारा दादाच, म्हणून गाऱ्हाणं माझ्याकडे आलं. मी याआधी कधी घातलेलं नव्हतं.

ओटीवर सगळे उभे राहिले. दमयंती, सानिका, दीपक, आणि दादा हात जोडून, नव्या शर्टात. शर्टाची कॉलर त्याच्या गळ्याभोवती सैल उभी होती.

"बा देवा म्हाराजा," मी सुरुवात केली, "आज ह्या घरातला थोरला माणूस मुंबैला निघाला हाय..."

"व्हय म्हाराजा!"

"त्याच्या पोटात गाठ हाय म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा!"

"ती गाठ..."

पुढचं तयार होतं. ती गाठ काढून टाक, त्याला सुखरूप घरी आण. काल दोनदा मनात म्हणूनही बघितलं होतं. मी दादाकडे बघितलं. डोळे मिटून तो वाट बघत होता. मी जे म्हणेन त्याला तो व्हय म्हणणार होता. मी काढून टाक म्हटलं असतं तरी. ऑपरेशनच्या मेजावर मर म्हटलं असतं तरी. मला एकदम कळलं की आत्ता, या घटकेला, तो माझ्या हातात आहे, आणि मी त्याला फार घट्ट धरलंय. देवापुढे खोटं मागता येत नाही.

"ती गाठ हाय थंयच ऱ्हावंदे म्हाराजा," मी म्हटलं.

दीपक म्हणाला, "काका?" मग दमयंतीचा आवाज आला, अगदी स्पष्ट. "व्हय म्हाराजा."

"माज्या भावाला ह्याच घरात ऱ्हावंदे. दुखला तर थोडा दुखवंदे. जे काय दिस देशील ते ह्या खाडीवर देस."

"व्हय म्हाराजा!" सानिका रडत रडत ओरडली. दीपक माझ्याकडे बघत होता. त्याचा राग मला दिसत होता, आणि तो रास्त होता. रजा, खाट, सगळं जमवून बिचारा रातभर गाडी चालवत आला होता. मग त्याने बापाकडे बघितलं. दादाच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि तोंड हसत होतं. माझ्या माहितीत दीपकने बापाला असं पाहिलं नसेल. त्याने हात जोडले. फार हळू म्हणाला, पण म्हणाला. "व्हय म्हाराजा."

इथे थांबायला हवं होतं. गाऱ्हाणं संपलं होतं. पण माझं तोंड थांबेना. त्याला नेण्याची घाई मला का होती, ते तिथे उभं राहिल्यावर मला कळत होतं. त्याच्या आजाराशी तिचा फारसा संबंध नव्हता. मला त्याच्याशिवाय राहायची भीती वाटते. मी सगळी बंदरं पाहिली, वादळं पाहिली, पण घरी परत आलो तर दादा आहे, हे धरूनच पाहिली.

"आनि म्हाराजा," मी म्हटलं, "तो जाईल तेवा... तेवा माज्यात त्याच्याबिगर ऱ्हावची ताकद येवंदे."

दमयंतीने तोंडाला पदर लावला. सानिका, दीपक, कुणालाच बोलवेना.

एकट्या दादाने डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं, आणि उभी वाडी जागी होईल इतक्या मोठ्याने म्हणाला, "व्हय म्हाराजा!"